पहिलं शिलाई मशीन: काळं, पांढरं की 'डायरेक्ट ज्यूकी'?

उसवलेली टीप | २ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. शिवणाचा माझा अनुभव एवढाच: सातवीत रुमालाला हेम घातली होती आणि बाईंनी ती सगळ्या वर्गासमोर उसवायला लावली होती. आता वय ३८. गेल्या आठवड्यात दोन पडदे चार-चार इंच आखूड करायला टेलरकडे नेले. त्याने पडद्यामागे दीडशे सांगितले आणि वर "गणपतीनंतर या". तिथल्या तिथे ठरवलं, मशीन घ्यायचं.

शिवायचंय काय तर पडदे, अभ्रे, भाजीच्या पिशव्या, ब्लाउजच्या बाजूच्या टिपा (वर्षातून दोनदा सोडते, एकदा घेते), भाचीला झबली. जमलं तर पुढेमागे साधा कुर्ता. बजेट बारा ते पंधरा हजार. पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, मशीनला कायमची जागा मिळणार नाही, काम झालं की ते कपाटात जाणार.

तीन दुकानं फिरले. पहिला म्हणाला काळं पायमशीन घ्या, तीन पिढ्या जाईल. दुसऱ्याने एकवीस टाक्यांचं पांढरं दाखवलं, त्यात बदकांची रांग पण येते. तिसरा म्हणाला, "मॅडम, डायरेक्ट ज्यूकी घ्या, नंतर पस्तावाल." आता तुम्हीच सांगा.

रिकामा बॉबिन | २ ऑगस्ट

बदकांची रांग येत असेल तर प्रश्न कसला? पडद्यालाच लावा. टेलर गणपतीनंतर तुमच्याकडे येईल.

सव्वा मीटर | २ ऑगस्ट

आधी मशीन नको, आधी क्लास. महिनाभर त्यांच्या मशीनवर हात बसवा. जुन्या वस्तूंच्या साइटवर 'फक्त दोनदा वापरलेलं' अशी किती मशीनं पडून आहेत ती बघा. त्या सगळ्या बायकांना असाच एक टेलर भेटला होता.

कात्रीवाली | ३ ऑगस्ट

सव्वा मीटर, 'बायकांना' कशाला? माझ्या क्लासला या वर्षी तीन पुरुष आहेत. असो.

उसवलेली टीप, मी साताऱ्यात बावीस वर्षं क्लास घेते, म्हणून जरा लांबण लावते.

टाक्यांच्या आकड्याला भुलू नका. सात असोत, एकवीस असोत, हाताखाली येतात तीनच: सरळ, झिगझॅग आणि काज. बाकीचे पहिल्या रविवारी घालून बघतात, नवऱ्याला दाखवतात आणि विसरतात. झिगझॅग मात्र असावाच. कापडाच्या कडेचे धागे सुटतात ते त्याने बांधता येतात, आणि टी-शर्टसारखं ताणणारं कापड सरळ टिपेने शिवलं की अंगात घालताना टीप कटकन तुटते. तुम्हाला झबली शिवायचीत, म्हणजे होजिअरी येणारच.

दुकानात गेल्यावर दोन-तीन गोष्टी हाताने करून बघा. पायाखालचं पॅडल अगदी हळू दाबा. मशीन एकेक टाका चालतं, की आधी नुसतं घूं घूं करतं आणि मग एकदम उडी मारतं? उडी मारणारं शिकाऊ माणसाने घेऊ नये. टाक्याची लांबी बदलता येते का, उलट टीप येते का, काज एका दमात होतं की चार वेळा बटण फिरवावं लागतं, तेही बघा. पुढचा कप्पा काढला की मशीनचा हात सुटा होतो का? बाही आणि पँटची मोहरी त्यावर चढवूनच शिवतात.

सगळ्यात महत्त्वाचं, कापड घरून न्या. दुकानदार तुम्हाला खळ घातलेल्या कडक कापडावर शिवून दाखवतो, त्यावर सगळीच मशीनं छान शिवतात. तुम्ही दुपट्याची मलमल, अस्तराचा तुकडा आणि जुन्या जीन्सची चार पदरी घडी पिशवीत घालून न्या. मलमल चुण्या न पडता निघाली आणि जीन्सवर सुई अडली नाही की निम्मं काम झालं.

कपाटात ठेवायचं असेल तर काळं विसरा. त्याचं नुसतं डोकं दहा-बारा किलो भरतं. पांढरी घरगुती मशीनं साधारण सहा किलोच्या आसपास असतात.

लक्ष्मीपुरी | ३ ऑगस्ट

कात्रीवाली ताई, बाकी सगळं बरोबर, पण मलमलीचं उदाहरण देऊन तुम्ही काळ्या मशीनचीच बाजू घेतलीत की! सरळ टिपेच्या मशीनला सुई खाली जायला एकच बारीक गोल भोक असतंय. झिगझॅगवाल्याला सुई डावी-उजवीकडं हलायला आडवी लांब फट ठेवायला लागते. सुरुवातीच्या दोन टाक्यांत मलमल त्या फटीत गेली की मशीन गिळतंय. आमच्या आईनं काळ्या हातमशीनवर गल्लीतल्या निम्म्या पोरांची झबली शिवली, एक पण गिळलं नाही.

शिवाय काळं बिघडलं तर कोल्हापुरात कोपऱ्यावरचा मिस्त्री अर्ध्या तासात लावून देतो. पांढरं बिघडलं की सर्व्हिस सेंटर, तिकीट नंबर, "पार्ट मागवलाय". मोटर पाहिजे तर काळ्याला पण बसते, हजार-दीड हजारात.

कात्रीवाली | ३ ऑगस्ट

लक्ष्मीपुरी, भोकाचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यावर उपाय असा, टीप कडेवरून सुरू करायची नाही. आधी चिंधीच्या तुकड्यावर चार टाके घालायचे आणि न थांबता मूळ कापडावर यायचं. नाहीतर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवायचं आणि मग ती फाडून टाकायची. हातमशीनचं म्हणाल तर उजवा हात चाकात अडकतो, कापड वळवायला एकटा डावा उरतो. तुमच्या आईंना जमलं कारण त्यांचा हात बसलेला होता.

टाचणी | ३ ऑगस्ट

पायमशीनबद्दल एक धोक्याची सूचना. पहिले आठ दिवस चाक उलटं फिरतं. आपण पाय मारतो पुढे, ते जातं मागे, दोरा तुटतो, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून "तुटला का?" विचारतात. रोज.

सह्यभटक्या | ४ ऑगस्ट

इथे पुरुष हजर. मी ट्रेकच्या पिशव्या, पाऊच, गेटर (बुटावरून पोटरीला बांधायचं कापड) शिवतो. सुरुवात झाली राजगडावर सॅकचा पट्टा तुटला तेव्हा. गुंजवण्याच्या चांभाराने दाभणाने शिवून दिला, आणि मला वाटलं हे आपल्याला यायला हवं.

माझा सल्ला मशीनपेक्षा सुईबद्दल आहे. नव्या माणसाच्या निम्म्या तक्रारी सुईच्या असतात. साध्या सुतीला १४ नंबर, रेशमी-तलम कापडाला ११, जीन्सला १६, कॅनव्हासला १८. होजिअरीला गोल टोकाची सुई वेगळी मिळते, ती धागा न तोडता बाजूला सारते. लोक मशीनबरोबर आलेली एकच सुई वर्षभर चालवतात आणि मग "टाके सुटतात हो" म्हणून कंपनीला शिव्या देतात. दहा सुयांचं पाकीट घेऊन ठेवा, दोन-तीन प्रोजेक्ट झाले की बदला.

रिकामा बॉबिन | ४ ऑगस्ट

सह्यभटक्या, लग्नाच्या बायोडेटात हे लिहिलंय ना?

सह्यभटक्या | ४ ऑगस्ट

लिहिलं होतं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "शिवतो म्हणजे? नोकरी नाही?"

इतिहासाचा किडा | ४ ऑगस्ट

संत नामदेव शिंप्याच्या घरचे. गावोगावचे टेलर आजही बहुतेक पुरुष. शिवण म्हणजे बायकांचं काम हे मध्येच कधीतरी घुसलेलं खूळ आहे.

विषय निघालाच आहे तर, यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एक अपवाद केला होता, तो सिंगरच्या शिलाई मशीनचा. बायको हाताने टाके घालून थकते हे बघून सिंगरने मायेपोटी यंत्र बनवलं, असं ते म्हणाले होते.

क्लाइडकाठ | ५ ऑगस्ट

गांधीजींना ती गोष्ट कुणी सांगितली देव जाणे! सिंगरसाहेबांचं पेटंट १८५१ चं. त्यांना अनेक संसारांतून मिळून वीसहून जास्त मुलं होती. माया होती हे खरं, फक्त ती वाटून द्यावी लागत होती. आणि लॉकस्टिचचं (वरचा-खालचा दोरा एकमेकांत अडकवणारा टाका) पेटंट त्यांच्याआधी, १८४६ मध्ये, एलायस हॉवने घेतलं होतं. कोर्टात हॉव जिंकला आणि सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले.

मी ग्लासगोजवळ राहते. इथे क्लाइडबँकला सिंगरचा अवाढव्य कारखाना होता, १९८० मध्ये बंद पडला. पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही 'सिंगर' आहे. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मिरजेची आजी आठवली. तिच्या काळ्या मशीनवर सोनेरी अक्षरांत हेच नाव होतं. कुणाच्या घरी जुनं सिंगर असेल तर त्यावरचा नंबर बघा. 'वाय'ने सुरू होत असेल तर ते क्लाइडबँकचं, १९२०-३० च्या दशकांतलं.

सव्वा मीटर | ५ ऑगस्ट

धागा होता पहिलं मशीन कोणतं घ्यावं.

क्लाइडकाठ | ५ ऑगस्ट

सॉरी सॉरी. मूळ प्रश्नाला उपयोगी एक गोष्ट सांगते. अमेरिकेतून कुणी "माझं मशीन तुला देते" म्हणालं तर हुरळू नका. तिकडचं मशीन ११० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. थेट लावलंत तर मोटर जळते. ट्रान्सफॉर्मर घ्यायचा म्हणजे मशीनइतकंच आणखी एक ओझं. माझ्या बहिणीने बोस्टनहून आणलं, आता त्यावर कुंडी ठेवते.

नागीण | ६ ऑगस्ट

आयडीमुळे राहवलं नाही. 'जानोमे' ही शिलाई मशीनची जपानी कंपनी, आणि जपानीत त्याचा अर्थ सापाचा डोळा. गोल बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) डोळ्यासारखं दिसतं म्हणून ते नाव. आता सांगा, नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, सुई हातात घ्यायची नाही, तर त्या दिवशी या मशीनला विश्रांती द्यायची की पूजा करायची?

रिकामा बॉबिन | ६ ऑगस्ट

वाटीभर दूध ठेवा. खोबरेल घालण्यापेक्षा बरं.

टाचणी | ६ ऑगस्ट

खोबरेल! आमच्याकडे घातलं होतं हो. उन्हाळ्यात मशीन लोण्यासारखं पळायचं, डिसेंबरात चाकच हलेना. खोबरेल आत थिजलं होतं. मिस्त्रीने रॉकेलने सगळं धुऊन काढलं आणि आमच्या सासऱ्यांकडे असं बघितलं की ते बाहेर फिरायला निघून गेले. तेल मशीनचंच घाला. पातळ, पांढरं, शिलाई मशीनच्या दुकानात छोटी बाटली मिळते. घातल्यावर आधी चिंधीवर शिवा, नाहीतर पहिला डाग नव्या कापडावर पडणार.

वऱ्हाडी ठेचा | ७ ऑगस्ट

पंधरा हजार कायले घालता? सरकार फुकट मशीन देऊन राह्यलं ना. व्हॉट्सॲपवर फॉर्म आला होता.

कात्रीवाली | ७ ऑगस्ट

दादा, तो फॉर्म भरू नका, आधार नंबर गोळा करायचे धंदे आहेत. खरी योजना पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसायांत शिवणकामही आहे. आधी प्रशिक्षण, त्यात दिवसाला पाचशे रुपये भत्ता, आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर. पण ती शिवणावर पोट असणाऱ्यांसाठी. पडदे आखूड करणाऱ्यांनी तिथे रांग लावू नये. जिल्हा परिषदेची महिला व बालकल्याण समितीही मशीनसाठी अनुदान देते, गावाकडच्या बहिणींनी पंचायत समितीत चौकशी करावी.

उसवलेली टीप | ८ ऑगस्ट

बाप रे, एवढं सगळं! मनापासून आभार. ज्यूकीचं मात्र कुणीच बोललं नाही. तो तिसरा दुकानदार रोज फोन करतोय.

फुल शटल | ८ ऑगस्ट

मी बोलतो. इचलकरंजीत आमचं छोटं युनिट आहे, ज्यूकी आणि जॅक या दोन कंपन्यांची मिळून अकरा मशीनं. ही कारखान्याची मशीनं. मिनिटाला पाच हजार टाके मारण्याची त्यांची ताकद, घरगुती मशीन आठशे-हजारावर थांबतं. टेबलासकट येतात, ते टेबल कपाटात जात नाही, कपाटच बाहेर काढावं लागेल. फक्त सरळ टीप. काज वेगळं मशीन, ओव्हरलॉक (कडेचे धागे बांधणारं) वेगळं. सुईसुद्धा वेगळी: घरगुती सुईची मागची बाजू चपटी, हिची गोल.

एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या बाजूने सांगतो. आता सर्व्हो मोटर येते, तिचा वेग बटणाने कमी करता येतो, म्हणून 'नवख्याला झेपत नाही' हे पूर्वीइतकं खरं राहिलं नाही. आणि जी टीप येते, तिच्यापुढे घरचं मशीन पाणी भरतं. दिवसाला दहा ब्लाउज शिवायचे असतील तर घ्या. वर्षाला दहा शिवायचे असतील तर त्याचा फोन ब्लॉक करा.

घरी बसून चार पैसे कमवायचे पण जागा कमी, अशांसाठी मधला मार्ग म्हणजे टेलरलोक 'अंब्रेला' म्हणतात ते काळं फुल शटल. शटल म्हणजे बॉबिनजवळचा, दोरा अडकवणारा भाग. ते हाफ शटलपेक्षा जलद आणि हलकं पळतं.

पदराआड | ९ ऑगस्ट

झिगझॅग आहे तर साडीला पिको घरी करता येतो का? इथे फॉल-पिकोचे सव्वाशे घेतात. वर्षाला पंधरा साड्या होतात माझ्या, म्हणजे आठ वर्षांत मशीन फुकट.

कात्रीवाली | ९ ऑगस्ट

सुती साडीला बरा जमतो, बारीक झिगझॅग आणि कड गुंडाळणारा फूट लावून. शिफॉन-जॉर्जेटला हातातून सटकतो. दुकानात पिकोचं मशीनच वेगळं असतं. आणि फॉल हाताने लावा हो, मशीनची टीप निऱ्यांत दिसते.

सव्वा मीटर | ९ ऑगस्ट

पदराआड, वर्षाला पंधरा साड्या हा या धाग्यातला खरा खर्च आहे.

निमूट वाचक | ११ ऑगस्ट

पाच वर्षं इथे नुसती वाचते, आज लिहितेय. मी ऑनलाइन स्वस्त पडलं म्हणून मागवलं. नाव घेत नाही. घरी येऊन शिकवणार म्हणाले होते, दोन महिने कुणी फिरकलं नाही. बॉबिन कसं बसवायचं ते मी मोबाइलवर बघून शिकले. एक स्क्रू पडला तर माझ्या तालुक्यात तो कुणाकडेच नाही. दीड हजार वाचवले आणि तीनदा ६० किलोमीटर जाऊन आले. ज्या दुकानात मिस्त्री बसलेला दिसतो, तिथूनच घ्या. मशीन कोणतंही असो.

लक्ष्मीपुरी | ११ ऑगस्ट

हेच मी म्हणत होतो.

कात्रीवाली | ११ ऑगस्ट

हे मी आधी लिहायला हवं होतं. दोन मॉडेलांत अडलात तर हाच निकष लावा.

उसवलेली टीप | ३० ऑगस्ट

घेतलं! पांढरं, सात टाक्यांचं, साडेतेरा हजार. कंपनी सांगत नाही, इथे पानिपत नको. मलमल, अस्तर, जीन्स घेऊन गेले होते. एकवीस टाक्यांच्या मशीनने मलमल गिळली (लक्ष्मीपुरी, तुमची आठवण काढली), याने कात्रीवाली ताईंची चिंधीची युक्ती केल्यावर नीट शिवली. दुकानाच्या मागच्या खोलीत मिस्त्रीकाका चहा पीत बसलेले दिसले, तिथेच पैसे दिले.

आता रडगाणं. पहिल्या दिवशी छान. काल पडदा घेतला तर वरून टीप सरळ, खालून दोऱ्याचं घरटं. चिमणी राहील एवढं. खालचं बॉबिन चारदा काढून बसवलं, पुन्हा तेच. मशीन परत करू का?

फुल शटल | ३० ऑगस्ट

परत करू नका. घरटं खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिन बघतात, चूक वर असते. वरच्या दोऱ्याला ताण मिळाला नाही की तो ढिला खाली उतरतो. दोरा ओवताना प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली होता ना? फूट खाली असला की टेन्शनच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात न जाता वरून घसरतो. फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा, मग फूट खाली टाकून दोरा ओढून बघा. ओढायला जड लागला की बरोबर. सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटांत मागे धरून ठेवा.

कात्रीवाली | ३० ऑगस्ट

आणि पडदा आठ दिवस बाजूला ठेवा. मुलांची जुनी दुरेघी वही घ्या, दोरा न ओवता नुसत्या सुईने रेघांवरून चालवा. सरळ जमलं की वाटीने गोल काढून त्यावरून. माझ्या क्लासमध्ये पहिले चार दिवस कापड मिळतच नाही. त्या कामाला जुनी सुई वापरा, कागदाने धार जाते.

उसवलेली टीप | ३१ ऑगस्ट

फूट खालीच होता. घरटं गेलं!! फुल शटल, तुमच्या अकरा मशीनांना माझा नमस्कार. दुरेघी वही शेजारच्या पहिलीतल्या मुलाकडून मागून आणली. तो विचारत होता, काकू, तुम्हाला पण गृहपाठ असतो का?

उसवलेली टीप | ६ सप्टेंबर

एक पडदा झाला. दुसऱ्याला आज दोन सुया तुटल्या. १४ नंबरच्याच, नवीन. कापड जाड नाही. का?

टाचणी | ६ सप्टेंबर

टाचण्या काढून शिवताय की वरूनच?

उसवलेली टीप | ६ सप्टेंबर

...काढायच्या असतात?